भाऊंची अकरा गाणी, शेजाऱ्यांच्या हस्ते

दुःखाच्या घरात वर्षभर बाजा वाजवायचा नसतो. पण शेजारच्या घरातला बाजा दुःखाच्या घरात ऐकू आला, तर त्याचा दोष कुणाला लागत नाही. हा शोध माझ्या गुणाआत्याने लावला. तेव्हा पुढे जे घडलं त्याला मी एकटी जबाबदार नाही, हे आधीच सांगून ठेवते. सोसायटीच्या सभेत मात्र ते माझ्या एकटीच्या नावावर मांडलं गेलं आहे.

भाऊ म्हणजे माझे वडील. अख्खी गल्ली त्यांना भाऊ म्हणायची, म्हणून आम्हीही. दापोड्याच्या एका गोदामात ते सुपरवायझर होते. एकदा हेडफोनचं एक खोकं फोर्कलिफ्टवरून पडलं आणि मार लागलेला माल कामगारांत वाटला गेला. भाऊंच्या वाट्याला आलेल्या हेडफोनची एक कडी वाकडी होती, आवाज मात्र सरळ होता. घरी येऊन त्यांनी तो कानाला लावला आणि जेवायला हाका मारल्या तरी उठले नाहीत. "गाणं या कानातून त्या कानात जातंय," ते नंतर मला म्हणाले, "आणि जाताना मधे माझं डोकं लागतंय." त्या दिवसापासून आमच्या घरात इंडी आणि इलेक्ट्रॉनिक हे दोन शब्द, इतरांच्या घरी हिंदुस्थानी आणि कर्नाटक म्हणतात तितक्याच आदराने म्हटले जाऊ लागले.

दर वर्षी डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी भाऊ गच्चीवर त्या वर्षातली त्यांची आवडती अकरा गाणी वाजवत. दहा म्हटलं की सरकारी वाटतं आणि बारा म्हटलं की डझन, म्हणून शकुनाची अकरा. गाणारे सगळे असे, की ज्यांना त्यांच्या गल्लीतही कुणी ओळखत नसावं. कुणी शिलाँगला आपल्या खोलीत बसून गाणं करणारा, कुणी नॉर्वेची बाई, कुणी कोइमतूरची दोन भावंडं. गाण्यांची मूळ नावं भाऊंच्या तोंडात बसत नसत, त्यामुळे ते स्वतः बारशी करत. 'ओली भिंत', 'दाराची कडी', 'म्हैस उठली', 'अर्धा चहा'. एकदा नाव पडलं की ते बदलत नसे. आई या सगळ्याला 'फ्रीजचा आवाज' असं एकच नाव वापरत असे, पण त्या दिवशी मटारच्या करंज्या तीच करी. लोक करंज्यांसाठी येतात आणि गाण्यांसाठी थांबतात, असं भाऊंचं मत होतं. आईच्या मते करंज्या संपेपर्यंत थांबतात.

खरा कार्यक्रम गाणी संपल्यावर सुरू होई. भाऊंनी नंबर कसे चुकवले यावर भांडण. मी आणि भाऊ तर वर्षभर भांडत असू, कारण गाणी पास-नापास करताना ते मला बोलवत आणि माझं एकही ऐकत नसत.

या वर्षी श्रावणात भाऊ गेले. तोवर सात गाणी पास झाली होती.

नोव्हेंबरात मी त्यांचा वाकड्या कडीचा हेडफोन कपाटातून काढला आणि ठरवलं, की उरलेली चार मी शोधायची आणि डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी अकरा पुरी करायची. तीन सोपी गेली. ज्यांच्या नव्या गाण्याची भाऊ वाट पाहत होते, त्यांची गाणी भाऊंच्या मागून आली होती. अकरावं मात्र सर्वस्वी माझं. आयझॉलच्या एका मुलीचं. सुरुवातीला बराच वेळ बारीक वाफ सुटल्यासारखा आवाज, आपण शिट्टीची वाट बघत बसतो आणि शिट्टी काही होत नाही. मी त्याचं नाव ठेवलं, 'न शिजलेला कुकर'. बारशाची माझी ही पहिलीच वेळ होती, सांभाळून घ्यावं.

बेत आमच्या चेअरमनच्या, म्हणजे मढवीकाकांच्या कानावर घातला. त्यांनी चष्मा काढला. चष्मा काढला की ते घटनेला धरून बोलतात.

"मृणाली, भावना समजतात. पण वरीस झालेलं नाही. लोक काय म्हणतील? पुढच्या वर्षी दोन्ही वर्षांची एकदम करू. बावीस गाणी. मी स्वतः खुर्च्या मागवतो."

"काका, या वर्षात भाऊ होते. पुढच्या कुठल्याच वर्षात नसतील."

काकांनी चष्मा परत घातला आणि "मग घरात काय ते मोठ्यांना विचार," असं म्हणून विषय वरच्या न्यायालयात पाठवला.

वरचं न्यायालय म्हणजे गुणाआत्या. भाऊंची थोरली बहीण. राहते खारबावला, पण श्रावणापासून आमच्याकडेच मुक्काम. आई बोलेनाशी झाली होती, म्हणून आत्या तिच्याही वाटचं बोलत असे.

"आपले घरान बाजा? याड लागलं का तुला?" आत्या म्हणाली. "वरीस व्हईपर्यंत या घरान चमचापन वाजाचा न्हाय."

"आत्या, बाजा नाही गं. भाऊंची गाणी."

"गाणी त्याची, पन घर दुःखाचं." मग तिने सुपारी कातरत बराच विचार केला. "दिवालीचा फराल आपन केला का?"

"नाही."

"मंग उपाशी रायलो का?"

राहिलो नव्हतो. दुःखाच्या घरात पहिल्या दिवाळीला कढई चढत नाही, फराळ शेजाऱ्यांकडून येतो. आमच्याकडे इतका आला होता की चिवडा दत्तजयंतीपर्यंत पुरला.

"तसाच," आत्या म्हणाली. "गाना शेजाऱ्यांनी वाजवाचा. त्यांचे घरान. आपन आपले घरान बसाचा. कानावर आला तर आला. कान काय दारासारखे लावता येतात?"

मी आयुष्यात बरीच पुस्तकं वाचली आहेत, पण इतका निर्दोष युक्तिवाद फार थोड्या ठिकाणी पाहिला आहे. आमची इमारत तीन बाजूंनी वळलेली आहे, मधे चौक. सगळ्यांच्या ग्यालऱ्या एकमेकांकडे तोंड करून. आमचं सोडून अकरा घरं, अकरा गाणी. ज्याच्या त्याच्या ग्यालरीत, ज्याच्या त्याच्या मोबाइलवर, एकापाठोपाठ एक. आम्ही फक्त घरी असायचं.

मी गाणी वाटायला निघाले. मला वाटलं होतं, लोक नाही म्हणतील. ते परवडलं असतं.

समोरच्या दारातल्या विनिताकाकूंनी विचारलं, "माझा नंबर कितवा?"

"चौथा. 'ओली भिंत'."

"चौथा?" काकू दारातच खाली बसल्या. "भाऊंनी शेवटचा चहा माझ्या हातचा घेतला. आणि मला चौथा?"

हे खालच्या मजल्यावर मढवीकाकांपर्यंत पोचलं. ते वर आले. "चहाचं म्हणशील तर ॲम्ब्युलन्स मी बोलावली होती," ते म्हणाले.

"बोलावली हो, पण आत बसलं कोण? आमचे हे बसले."

माणूस गेल्यावर त्याच्यापासूनचं अंतर मोजायला लोकांकडे किती बारीक पट्ट्या असतात! शेवटी पहिला नंबर काकांना आणि अकरावा, मानाचा, काकूंना दिला. मधल्यांनी आपापसांत बदलाबदली केली. त्यात कुणाच्या वाट्याला काय आलं हे मलाही सांगता येत नव्हतं.

तिसऱ्या मजल्यावरचे शफीकभाई लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे मालक. त्यांनी 'म्हैस उठली' आठवडाभर ऐकलं आणि जिन्यात मला गाठलं. "बेटी, पूरा हफ्ता सुना. लूम पे भी सुना, घर पे भी सुना. इसमें तबला कब आता है?"

"तबला नाही येत, शफीकभाई."

"आता ही नहीं?" त्यांचा चेहरा उतरला. "भाऊ हर साल बोलते थे, रुको, आएगा. मैं इतने साल उसी के लिए रुका."

तळमजल्यावरचा दामू तरे हळदी-लग्नांना बेंजो आणि साउंड पुरवतो. त्याला मी 'दाराची कडी' दिलं. तो माझ्याकडे बघतच राहिला. "ताई, भाऊंचा गाना मोबाइलवर? मोबाइलवर? मी जिता हाय ना अजून."

"दामू, साधंच करायचंय. दुःखाचं घर आहे."

"म्हंजे साधाच करतो. दोनच बॉक्स लावतो."

बॉक्स हा शब्द ऐकताच मढवीकाकांनी चष्मा काढला. गेल्या वर्षी दामूच्या पुतण्याच्या हळदीला तक्रार झाली होती. तेव्हापासून काका आवाजाच्या बाबतीत हळवे होते. "पोलिसांची परवानगी आण," ते म्हणाले. "मग मी मोकळा."

मी चौकीत गेले. तिथल्या हवालदारसाहेबांनी विचारलं, "कार्यक्रम काय? लग्न, हळद, धार्मिक, राजकीय?"

"यातलं काही नाही. वडील वारलेत. त्यांची वर्षातली आवडती गाणी."

"मग श्रद्धांजली लिहितो. भजन ना?"

"नाही. इंडी आणि इलेक्ट्रॉनिक."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "कुठे वाजवणार? तुमच्या घरी?"

"आमच्या घरी नाही. दुःखाचं घर आहे ना. शेजाऱ्यांच्या घरी."

"मग अर्ज शेजाऱ्यांनी करायचा."

"शेजारी अकरा आहेत."

"मग अकरा अर्ज."

"पण तशी ती मोबाइलवरच वाजवणार आहेत."

साहेबांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. त्या पाहण्यात कायदा नव्हता, नुसती कीव होती. "ताई," ते हळू आवाजात म्हणाले, "मोबाइलवर गाणं लावायला परवानगी लागत नाही. घरी जा. जेवून घ्या."

दामूच्या दोन बॉक्सबद्दल मी बोलले नाही. साहेबांनीही विचारलं नाही. घरी आल्यावर मात्र मी खरंच जेवून घेतलं. बऱ्याच दिवसांनी नीट जेवले, तेही पोलिसांच्या सांगण्यावरून.

रविवार उजाडला. या वर्षी करंज्या आमच्याकडे होणार नव्हत्या, म्हणून दुपारपासून घरोघरच्या करंज्यांच्या ताटल्या यायला लागल्या. आईने प्रत्येक ताटलीतली एक मोडून पाहिली. बोलली काही नाही, पण पलीकडच्या घरातल्या नेत्राताईंच्या करंजीत सारणाऐवजी हवा निघाली तेव्हा तिने ती ताटली सगळ्यांच्या मागे सरकवली. ऊन उतरल्यावर आम्ही तिघी ग्यालरीच्या आत, उंबऱ्याच्या अलीकडे सतरंजीवर बसलो. अलीकडे, कारण ग्यालरीत बसलं तर 'कार्यक्रमाला बसलो' असं होईल, असं आत्याचं म्हणणं. घरात बसलो तर नुसतं 'घरी आहोत'.

मढवीकाकांनी ग्यालरीत उभं राहून खाकरलं. "सन्माननीय सभासद बंधू-भगिनींनो. आज आपण कशासाठी जमलो नाही आहोत, हे आपण जाणताच." अधिकृतरीत्या कुणीच जमलेलं नसल्यामुळे त्यांची वाक्यरचना अशी झाली होती. मग त्यांनी गाणं लावलं. भाऊंचं या वर्षीचं पहिलं, जानेवारीत पास झालेलं. ते बरं वाजलं. शेवटी काकांनी "धन्यवाद" म्हटलं, आणि ते गाण्यातच आहे असं समोरच्या काही जणांना वाटलं.

दुसरं नेत्राताईंकडे. ते ऐन रंगात आलं असताना थांबलं आणि एक पुरुष अत्यंत आनंदाने बाळाच्या लंगोटांबद्दल बोलू लागला. लंगोट किती शोषून घेतो हे सांगून झाल्यावर गाणं पुढे सरकलं. नेत्राताई ग्यालरीतून हात जोडत होत्या. "अगं, ते मधे मधे येतंच फुकटातल्याला!"

"गाण्यापेक्षा बरा व्हता तो," आत्या पुटपुटली.

तिसऱ्याला शफीकभाईंनी 'म्हैस उठली' लावलं, आणि म्हैस उठायच्या वेळी स्वतःच कठड्यावर बोटांनी ठेका धरला. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते शेवटी त्यांनी स्वतःच आणलं. सांगायला हरकत नाही, गाणं त्याने सुधारलं.

मग दामूची पाळी.

'दाराची कडी' हे सगळ्यात नाजूक गाणं. कुणीतरी दूरवर कडी लावतंय आणि काढतंय, त्याखाली एकच खोल आवाज, हळूहळू जवळ येणारा. हेडफोनमध्ये तो आवाज छातीत कुठेतरी ऐकू येतो. दामूच्या बॉक्समधून तो तळमजल्यावरून निघाला आणि पायऱ्या चढल्यासारखा वर आला. आधी चौकातल्या मोटारसायकली ओरडू लागल्या. मग आमच्या स्वयंपाकघरात काहीतरी किणकिणलं.

आत्याने कान टवकारले. पुन्हा किणकिणलं. मांडणीवरची ताटं एकमेकांना लागत होती. मग वाट्या. मग पिंपावरचं फुलपात्र. दामूच्या प्रत्येक ठोक्याला आमचं अख्खं स्वयंपाकघर साथ करू लागलं, आणि तेही अगदी तालात.

"आगं बया! आपले घरान वाजतंय!" आत्या वयाला न शोभणाऱ्या वेगाने उठली. "धरा! धरा सगली!"

आम्ही धावलो. आत्याने ताटांना मिठी मारली. मी दोन्ही हातांनी वाट्या दाबल्या. खाली दामूला थांबवायला हाक मारायची तर ती त्याच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार? डब्यांची फळी राहिलीच होती. ती थडथडत होती आणि पोह्यांचा डबा एकेक ठोक्यासरशी कडेला चालला होता. तेव्हा आई उठून आली. तिने डबा मागे ढकलला, एक हात डब्यांवर ठेवला, दुसरा फळीवर, आणि उभी राहिली.

घर गप्प झालं. म्हणजे आवाज बंद झाला, ठोका बंद झाला नाही. तो आता तळहातात येत होता. तीन बायका, मांडणीला हात लावून, भिंतीकडे तोंड करून उभ्या. गाणं चांगलं लांब आहे. मधे एकदा मी आईकडे पाहिलं. तिने डोळे मिटले होते. फळी तिने आता दाबून धरली नव्हती, तळवा नुसता ठेवला होता. पोह्यांचा डबा पुन्हा थोडा थोडा वाजत होता. आत्यालाही ते ऐकू येत असणार. ती ताटं धरून उभीच राहिली.

गाणं संपलं. खालून दामू ओरडला, "बरा वाजला ना, ताई?"

"घरान वाजला, मेल्या!" आत्या ग्यालरीत जाऊन ओरडली. म्हणजे उंबऱ्याचा नियम तिनेच मोडला. मग आम्ही दोघीही ग्यालरीत गेलो आणि तिथेच राहिलो.

मधल्या गाण्यांबद्दल फार सांगत नाही. एकाच्या मोबाइलची बॅटरी गेली, एकाने सासुरवाडीचा फोन मधेच घेतला आणि तो सगळ्या चौकाने ऐकला. एकाने चुकून गेल्या वर्षीचं गाणं लावलं, तर चार ग्यालऱ्यांतून "ते गेल्या वर्षीचं! नववा नंबर!" असा आरडाओरडा झाला. करंज्यांसाठी थांबणाऱ्या लोकांना नंबर पाठ असतात, हे मला माहीत नव्हतं. भाऊंनाही नसावं.

अंधार पडता पडता अकराव्याची पाळी आली. विनिताकाकू मानाची साडी नेसून ग्यालरीत आल्या. वाफेचा आवाज सुरू झाला. पहिली सात भाऊंची होती, पुढची तीन जवळपास भाऊंची. हे एकच असं होतं की जे मी त्यांच्या नावावर, त्यांना न विचारता ठेवलं होतं.

चौक शांतपणे ऐकत होता. शिट्टी झाली नाही. मग ती मुलगी गायला लागली, आणि माझ्या शेजारून आवाज आला.

"हे यांना आवडलं नसतं."

आई. श्रावणानंतर तिच्या तोंडून आलेलं पहिलं सबंध वाक्य, आणि ते माझ्याविरुद्ध.

"का नसतं आवडलं?"

"एवढा वेळ थांबायचं आणि मग बाई गाणार. बाई गायला लागली की ते म्हणायचे, झालं, आता ही आपलं दुःख सांगणार."

"आई, मागच्या वर्षी तिसऱ्या नंबरला बाईच होती!"

"ती पहिल्यापासून गात होती. ही फसवून गाते."

"फसवून नाही गं, ती..."

"बरोबर आहे वहिनींचं!" मढवीकाका समोरून. "भाऊंना असला उशीर चालायचा नाही. हा माणूस सभेला पाच मिनिटं आधी यायचा."

"पण गोड आहे हो," विनिताकाकूंनी आपल्या नंबरची बाजू घेतली. "भाऊंना आवडलं असतं."

"नसता आवडला," खालून दामू. "बेसच न्हाय."

"मेरे को लगता है, चलता," शफीकभाई. "आखिर में रुक जाती है न लड़की. भाऊ को वो रुकना पसंद आता."

"तेच म्हणतेय मी!" मी ओरडले. कितीतरी महिन्यांनी कुणावर तरी ओरडले. गाणं केव्हाच संपलं होतं आणि चौकभर भाऊंना काय आवडलं असतं यावर भांडण चाललं होतं. कुणी त्यांच्या जुन्या नंबरांचे दाखले देत होतं, कुणी 'अर्धा चहा' दुसरा ठेवून भाऊंनी केवढी चूक केली होती ते उकरून काढत होतं. मधेच आई कठड्यावर वाकून नेत्राताईंना सांगत होती की त्यांना भाऊंचा कान काय कळणार, करंजीत सारण किती घालावं ते कळत नाही.

शेवटी मढवीकाकांनी चष्मा काढून मतदान घेतलं. हात वर करून. माझ्या बाजूने तीन हात, त्यातला एक माझा. विरोधात बाकीची इमारत आणि खारबावची गुणाआत्या, जी सोसायटीची सभासद नाही. मी हरकत घेतली, ती फेटाळली गेली.

"अकरावं नामंजूर," काका म्हणाले.

अपमान झाला की माणूस तत्त्वाला चिकटतो. "भाऊ कुठलंही गाणं एकदा ऐकून नापास करत नव्हते," मी म्हणाले. "हे त्यांना आवडलं असतं. पहिल्यांदा नाही, तिसऱ्यांदा ऐकल्यावर."

हे खरं होतं, आणि सगळ्यांना माहीत होतं.

"मंग लाव आनखी दोन येला," आत्या काकूंना म्हणाली. "निकाल लागू दे एकदाचा."

काकूंनी पुन्हा लावलं. मग आणखी एकदा. कुणी आत गेलं नाही. तिसऱ्या वेळी ती मुलगी गायची थांबली तेव्हा समोरच्या ग्यालऱ्यांतल्या माना वळल्या. सगळे आमच्याकडे, म्हणजे आईकडे बघत होते.

"काय, वहिनी?" मढवीकाकांनी विचारलं.

"नाही," आई म्हणाली.

पण हे म्हणायला तिला बराच वेळ लागला.